घटक ५ : कार्यप्रणाली बदलताना स्वतंत्र विभागातील लेखन जपणे

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस डिस्कवरील विभाग म्हणजे काय हे सांगता येईल, आपले कोणते साहित्य कोणत्या विभागात आहे हे शोधता येईल आणि कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी ते सुरक्षित ठेवता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासक्रमात संगणकाविषयीचा घटक कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपले प्रकल्पलेखन, गावच्या बोलीतील जमवलेले शब्द, वडीलधाऱ्यांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेल्या ओव्या हे सारे आज वहीत नसून संगणकात असते. पूर्वी पोथीला वाळवीचे भय असे. संगणकातील लेखन बहुधा एका दिवसात आणि आपल्याच संमतीने नाहीसे होते; तो दिवस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, अर्थात कार्यप्रणाली, बदलण्याचा.

सध्याचे उदाहरण घेऊ. विंडोज १० ही कार्यप्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचे नियमित साहाय्य थांबवले. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. मात्र मर्यादित मुदतीची वाढीव योजना वगळता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले, आणि अनेकांना विंडोज ११ कडे वळावे लागले. अशा वेळी दुरुस्ती करणारा सहज म्हणतो, “सी फॉरमॅट करतो, डी तसाच राहील.” हे विधान खोटे नाही. पण ते कोणत्या अटींवर खरे ठरते, हे समजून घेणे हाच या घटकाचा विषय आहे.

५.२ विभाग म्हणजे काय?

एकाच शेतात बांध घालून दोन वाटण्या कराव्यात, तसे एका डिस्कचे विभाग पाडलेले असतात. त्यांनाच पार्टिशन म्हणतात. जमीन एकच, पण एका वाटणीत नांगर घातला तरी दुसरीतले पीक उभे राहते. कोणता विभाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, याची नोंद डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात असते. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा समजा. तो पुसला गेला तर मजकूर लगेच नष्ट होत नाही, पण कोणाची हद्द कोठवर हे सांगणारा कागदच उरत नाही, आणि नवी पेरणी जुन्या पिकावर होऊ लागते.

हा तक्ता दोन प्रकारचा असतो. एमबीआर हा जुना प्रकार १९८३ पासूनचा. त्यात मुख्य विभाग जास्तीत जास्त ४ मावतात. अधिक हवे असल्यास एक विस्तारित विभाग करून त्याच्या पोटात उपविभाग करावे लागतात. जीपीटी या नव्या प्रकारात विंडोज १२८ विभागांपर्यंत मुभा देते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

‘सी’ आणि ‘डी’ ही अक्षरे मात्र डिस्कवर कोरलेली नसतात; विंडोज ती आपल्या सोयीसाठी देते. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून मोजणी सीपासून सुरू झाली. फ्लॉपी गेली, अक्षरे राहिली.

५.३ बदलाचे दोन मार्ग

पहिला मार्ग चालू विंडोजमधूनच नवी आवृत्ती चढवण्याचा. यात फाइली व अॅप्स कायम ठेवण्याचा पर्याय निवडता येतो. डीला हात लागत नाही आणि जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये जपली जाते. नवी आवडली नाही तर साधारणतः १० दिवसांच्या आत मागे फिरता येते. संगणक पात्र असेल, तर नवशिक्याने हाच मार्ग धरावा.

दुसरा मार्ग पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून कोरी प्रणाली बसवण्याचा. यात स्वच्छता अधिक आणि धोकाही अधिक. कारण या वेळी पडद्यावर जी यादी येते, तिच्यात सी आणि डी ही ओळखीची अक्षरे नसतात. ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन १’, ‘पार्टिशन २’ अशी नावे आणि समोर आकार एवढेच दिसते. डिस्कचे दोन समान भाग केलेले असतील, तर कोणता कोणता हे आकारावरूनही कळत नाही. म्हणून चालू संगणकात ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून विभागांचा क्रम व आकार कागदावर उतरवून घ्यावा, आणि डी विभागाला एखादे स्पष्ट नाव द्यावे. ते नाव त्या यादीत दिसते. कागदावर, संगणकात नव्हे. बदल चालू असताना संगणकातील टिपण वाचता येत नाही, हे सांगावे लागते याचे आश्चर्य वाटू देऊ नका.

खरी कसोटी पुढे आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा संगणक लागतो. जुना संगणक बहुधा जुन्या पद्धतीने सुरू होत असतो व त्याच्या डिस्कवर एमबीआर तक्ता असतो. पद्धत बदलली की कोरी प्रणाली बसवताना नकार येतो : या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, येथे विंडोज बसणार नाही. यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे सगळे विभाग काढून टाका आणि पुढे चला. तो सल्ला मानला त्या क्षणी डी विभाग गेला. सी फॉरमॅट करण्यास दिलेली संमती येथे नकळत संपूर्ण डिस्कला लागू होते.

यावर उपाय आहे. विंडोजमध्येच असलेले ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन मजकूर न पुसता तक्ता बदलून देते. पण मुख्य विभाग ३ पेक्षा अधिक असतील किंवा डिस्कवर विस्तारित विभाग असेल, तर ते काम करत नाही. आपला डी हा विस्तारित विभागाच्या पोटातील उपविभाग असू शकतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो वेगळ्या रंगाच्या चौकटीत दिसतो. तसे असल्यास डीमधील सर्व साहित्य आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

५.४ डीवर आहे असे वाटते, पण नसते

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही मुळात सी विभागात असतात. डेस्कटॉपवर ठेवलेला प्रकल्प डोळ्यांसमोर असतो म्हणून सुरक्षित वाटतो; सी फॉरमॅट होताच तोच प्रथम जातो. डॉक्युमेंट्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ बदलून तो कायमचा डीवर नेता येतो. हे काम आजच करण्याजोगे आहे.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी याहून सूक्ष्म अशी एक हानी संभवते. फाइल डीवर शाबूत असते, उघडतेही, पण वाचता येत नाही. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फाइलमध्ये साठतो तो रोमन अक्षराचा क्रमांक. त्याला मराठी रूप देतो तो फाँट, आणि फाँट राहतो सी विभागात. सी पुसला की ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उरते. युनिकोडमध्ये असे होत नाही. तेथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, दशमान पद्धतीने २३२५, आणि तो कोणत्याही फाँटमध्ये ‘क’च राहतो.

म्हणून जुनी प्रणाली चालू असतानाच तीन गोष्टी कराव्यात. वापरातले सर्व जुने फाँट विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरमधून डीवर उतरवावेत. फाँटसोबत विकत घेतलेले सॉफ्टवेअर असेल, तर त्याची सीडी व परवाना-क्रमांक शोधून ठेवावा. आणि महत्त्वाच्या प्रत्येक लेखाची फाँटसह पीडीएफ करावी, म्हणजे निदान त्याचे दृश्यरूप टिकते. युनिकोडमध्ये रूपांतर नंतर सवकाशीने करता येईल, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. रूपांतरात रफार, ‘ऱ्या’सारखी रूपे आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. मुद्रितशोधन शिकलेल्या आपल्यासारख्यांचेच ते काम आहे.

५.५ डी शाबूत, पण बंद

काही संगणकांत विभाग बिटलॉकरने कुलूपबंद केलेला असतो, आणि नव्या लॅपटॉपांत ही योजना मालकाच्या ध्यानात न येताही चालू झालेली असू शकते. कोरी प्रणाली बसवल्यावर असा विभाग ४८ अंकी पुनःप्राप्ती-क्रमांक मागतो. तो नसेल तर मजकूर डिस्कवर असूनही हाती येत नाही. बदलापूर्वी हा क्रमांक मिळवून लिहून ठेवावा, किंवा कुलूप काढून टाकावे. ‘परवानगी नाही’ असा संदेश मात्र वेगळा. तो जुन्या वापरकर्त्याची ओळख पुसल्यामुळे येतो व फोल्डरची मालकी नव्या खात्याकडे घेतल्यावर दूर होतो. त्याला भिऊन पुन्हा फॉरमॅट करू नये.

५.६ विभाग आणि प्रत

डी विभाग म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी एकाच डिस्कवर असतील, तर डिस्क बिघडताच दोन्ही जातात. बांध कितीही पक्का असला तरी पुराला तो दिसत नाही. संगणकात एसएसडी बसवून जुनी हार्ड डिस्क साहित्यासाठी ठेवली असेल, तर स्थिती बरी असते. प्रणाली बसवताना त्या जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसली जात नाही. पण तरीही एक प्रत घराबाहेरच्या किंवा निदान संगणकाबाहेरच्या ठिकाणी असावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेली असावी.

ज्यांचा संगणक विंडोज ११ ला पात्र नाही, त्यांच्यासाठी लिनक्सचा पर्याय आहे. भारतात सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही प्रणाली त्याच कुळातील. लिनक्स विंडोजचे विभाग वाचू शकते. लिनक्समध्ये वापरकर्त्याचा ‘होम’ विभाग प्रथमपासून वेगळा ठेवण्याची रीतच आहे. पुढच्या आवृत्तीच्या वेळी तो विभाग ‘होम’ म्हणून निवडावा, मात्र त्यापुढील फॉरमॅटच्या चौकटीत खूण करू नये. तेथेही सारा भार त्या एका चौकटीवर असतो.

५.७ स्वाध्याय

१. आपल्या संगणकातील डिस्क मॅनेजमेंट उघडा. सर्व विभागांचा क्रम, आकार व नाव वहीत लिहा, आणि डी हा मुख्य विभाग आहे की उपविभाग, ते नोंदवा.

२. गेल्या वर्षभरातील आपले कोणतेही पाच लेख घ्या. त्यांतील प्रत्येक फाइल कोणत्या विभागात आहे व कोणत्या फाँटमध्ये आहे, याचा तक्ता करा.

३. जुन्या फाँटमधील एक पान युनिकोडमध्ये रूपांतरित करा. बिघडलेल्या अक्षरांची यादी करून, कोणत्या प्रकारच्या अक्षररचनेत चुका अधिक झाल्या, याविषयी १५० शब्दांत लिहा.