शहरातील रानमेवा : ओळख, वेचणी आणि पाकक्रिया

मे महिन्याच्या मध्यास कल्याण, ठाणे, कर्जत यांसारख्या स्थानकांबाहेर पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून बसलेल्या आदिवासी भगिनी दिसू लागल्या, की शहरवासीयांस रानमेव्याची आठवण होते. ही फळे दूरच्या डोंगरातच पिकतात, अशी द्रोण विकत घेणाऱ्याची बहुधा समजूत असते. प्रत्यक्षात तो ज्या गृहनिर्माण संस्थेत राहतो, तिच्या आवारातील जांभूळ थोड्याच दिवसांत फळांनी लगडते आणि ती फळे फरसबंदीवर पडून मोटारींच्या चाकांखाली चिरडली जातात.

जून उजाडला की या झाडाविरुद्ध तक्रारी सुरू होतात. फरशीवर डाग पडतात, माश्या जमतात, वृद्ध माणसे घसरतात. या तक्रारी खोट्या नसतात. परंतु त्यावरील उपाय म्हणून झाडच काढून टाकण्याची मागणी होते, तेव्हा कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये खाजगी आवारातील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा विशेष दर्जा दिला असून, नागरी भागांतील कित्येक जुनी जांभळे या व्याख्येत सहज बसतील. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे हेही याच अधिनियमाखालील काम आहे. अशा गणनेच्या वेळी शाळांनी आपल्या परिसरातील फळझाडांची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास निसर्गाभ्यासाचा एक उत्तम पाठ विनाखर्च घडू शकेल.

कोणते फळ केव्हा

थंडीत आवळा आणि बोर येतात. संक्रांतीच्या सुमारास लहान मुलांच्या बोरन्हाणात बोरांना मान असतो. त्यानंतर तुती पिकते. बंगल्यांच्या कुंपणाशी शोभेसाठी लावलेल्या तुतीची फळे मालकाच्या आधी पाखरांनाच सापडतात. एप्रिल-मे हा करवंदांचा काळ. शहराच्या कडेच्या टेकड्यांवर आणि माळांवर करवंदीच्या जाळ्या अजूनही तग धरून आहेत. फालसा उन्हाळ्यात बाजारात दिसतो, तर जांभूळ मेच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत. करवंदांचा हंगामही पावसाबरोबर आटोपतो. पाऊस पडल्यावर फळात अळी पडते, हे विक्रेत्या स्त्रिया आपणहून सांगतात.

ओळखीवाचून तोंडात नको

शहरात रानफळे वेचू इच्छिणाऱ्याने प्रथम विषारी झाडे शिकावीत, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. करवंदाचे देठ तोडताच पांढरा चीक येतो. तसाच चीक पिवळ्या कण्हेरीलाही येतो, कारण दोन्ही एकाच कुळातील आहेत. रस्त्यांच्या दुभाजकांवर सर्रास लावलेल्या या कण्हेरीचे फळ हृदयावर घातक परिणाम करणारे असून त्याने प्राणही जाऊ शकतो. म्हणजे केवळ चिकावरून फळ विषारी वा बिनविषारी ठरविता येत नाही. करवंदीला बळकट काटे असतात आणि तिची रुंद पाने समोरासमोर जोडीने येतात, तर पिवळ्या कण्हेरीला काटे नसतात व तिची पाने अरुंद, लांबट असतात. हा फरक शिक्षकांनी प्रत्यक्ष झाडाजवळ नेऊन दाखवावा. फळ्यावरील चित्राने तो मनावर ठसत नाही. कुंपणावर चढणाऱ्या गुंजेच्या लाल-काळ्या बिया मुलांना फार आवडतात. त्या चावल्या गेल्यास अत्यंत विषारी ठरतात. घाणेरीची हिरवी फळेही टाळलीच पाहिजेत. मुलाने असे काही खाल्ल्याचा संशय आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे आणि झाडाची डहाळी सोबत घ्यावी.

फळ ओळखीचे असले तरी जागा पाहावी लागते. मोठ्या रहदारीच्या कडेची, सांडपाण्याच्या नाल्याजवळची व औषधफवारणी झालेल्या बागेतील फळे घेऊ नयेत. शिसेमिश्रित पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले, तथापि रस्त्याकडेच्या मातीत उतरलेले शिसे लवकर नाहीसे होत नाही. पाखरांनी वा वटवाघळांनी टोचलेले फळ टाकून द्यावे. राष्ट्रीय उद्यानांत, उदाहरणार्थ बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे वेचणीस मनाई आहे. वनालगतच्या गावांतील आदिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क अधिनियमाने दिला आहे. तेव्हा टेकडीवरची जाळी ओरबाडण्यापेक्षा त्या द्रोणाचे पैसे मोजणे शहरवासीयास अधिक शोभते. या विक्रेत्यांना स्थानकाबाहेरून हुसकावण्यापूर्वी २०१४ चा पथविक्रेता अधिनियम संबंधितांनी एकदा वाचावा, हेही ओघाने आलेच.

करवंद स्वयंपाकघरात

हिरव्या करवंदांचे लोणचे घरोघर माहीत आहे. चटणी त्याहून सोपी आहे. हाताला तेल लावून करवंदे चिरावीत, बिया काढाव्यात व फोडी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवाव्यात, म्हणजे चीक जातो. मग हिरवी मिरची, जिरे, ओले खोबरे, मीठ व चवीपुरता गूळ घालून वाटावे. जेलीसाठी करवंदासारखे फळ नाही, कारण जेली धरण्यास लागणारे पेक्टिन त्यात भरपूर असते. पिकलेल्या फळांत मूठभर अर्धकच्ची मिसळल्यास ती अधिक चांगली धरते. फळे बुडतील इतक्या पाण्यात मऊ शिजवून मलमलीच्या कापडातून न पिळता रस गाळावा. एक लिटर रसास पाऊण किलो साखर घेऊन उकळावे आणि थंड बशीवर टाकलेला थेंब पसरेनासा झाला की उतरवावे. भांडे स्टीलचे हवे. ही फळे आंबट असल्याने कल्हई नसलेले पितळ वापरू नये. बचत गटाने अशी जेली विकावयाची ठरविल्यास अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी आधी करून घ्यावी.

जांभळाची व्यवस्था

बहाडोली आणि बदलापूरच्या जांभळांना आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. आवारातील जांभूळ त्या तोलाचे नसेल, पण सरबतास उत्तम असते. एक किलो फळे मीठ घालून हाताने कुस्करावीत, कपभर पाण्यासह मंद आचेवर दहा मिनिटे ठेवून चाळणीवर गाळावीत. गराच्या निम्मी साखर घालून पाच मिनिटे उकळावे आणि थंड करून शीतकपाटात ठेवावे. आठवड्याच्या आत संपवावे. पिताना काळे मीठ व जिरेपूड घालावी. बियांची पूड मधुमेहावर घेण्याची प्रथा आहे, परंतु तिच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करणे धोक्याचे आहे.

झाडावर चढणे मात्र कटाक्षाने टाळावे. जांभळाची फांदी ठिसूळ असते आणि भार पडताच मोडते. हंगामाच्या तीन-चार आठवड्यांपुरती झाडाखाली कमरेइतक्या उंचीवर जाळी बांधली, तर फळ फुटत नाही, फरशी डागाळत नाही आणि तक्रारीचे मूळच नाहीसे होते. जाळी रोज सकाळी रिकामी करावी लागते, कारण पिकलेले जांभूळ दुसऱ्या दिवशीच आंबू लागते. नवी दिल्लीत रस्त्याकडेच्या जांभळांची फळे उतरविण्याचा ठेका तेथील नगरपरिषद लिलावाने देत आली आहे. गृहनिर्माण संस्थेला लिलावाची गरज नाही. स्थानकाबाहेर बसणाऱ्या एखाद्या विक्रेतीस निम्म्या वाट्याने जाळी सोपविली, तरी काम होते आणि रहिवाशांच्या घरी रोज पाटीभर जांभळे पोहोचतात.