पिकअपचा ब्रेक कडक झाला तर आधी काय तपासावे?

इंझोरीसारख्या गावात जुनी पिकअप म्हणजे एका घराची रोजी-रोटी. हंगामात सोयाबीन, तूर भरून मानोरा किंवा कारंजाच्या बाजारात जायचे, परतताना खत नाहीतर सिमेंट आणायचे. अशी गाडी गॅरेजवर आली आणि मालक म्हणाला, "ब्रेक लागत नाही," की शिकाऊ मुले लगेच मास्टर सिलिंडर खोलायला बसतात. तसे करू नका. आधी विचारा, पेडल नरम आहे की कडक?

पेडल नरम असेल, खाली बसत असेल, तर ऑइल गळती, लाइनमधील हवा किंवा लायनरचे अंतर पाहावे. पण पेडल दगडासारखे कडक आणि गाडी मात्र पुढेच जाते, असे असेल तर बहुधा बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. (लायनर तेलकट झाले किंवा घासून चकाकले तरी असेच वाटते, हे ध्यानात असू द्या.)

बूस्टरमध्ये रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतली की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा दाब देते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर हा जोर दोनशे किलोच्या वर जातो. डिझेल इंजिनात ही हवा ओढायला वेगळा पंप लागतो. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. म्हणून पट्टा ढिला झाला की बॅटरीचा लाल दिवा आणि कडक ब्रेक, दोन्ही तक्रारी एकदम येतात. ड्रायव्हरला दिव्याबद्दल जरूर विचारा.

आता परीक्षा. चाकाला गोटा लावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. तसेच दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. गेले नाही तर बूस्टरवरचा पाइप काढून चालू इंजिनावर तोंडाशी अंगठा धरा. ओढ जोरदार असेल तर दोष बूस्टरचा किंवा त्याच्या व्हॉल्व्हचा. ओढ कमी असेल तर पंपाच्या तोंडाशीही तपासा. तिथे जोर आहे आणि इकडे नाही, म्हणजे पाइप गेला. पाइप बाहेरून धड दिसतो, आतून फुगलेला असतो. त्या जागी पाण्याचा पाइप लावू नका, तो ओढीने चपटा होतो.

गिऱ्हाइकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. पाइप फाटलेला असताना बूस्टरचे बिल लावणे ही मजुरी नव्हे.

ब्रेक ऑइल कमी होते आणि बाहेर गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडर सोडवून मागे पाहा. मागची सील गेल्यास ऑइल बूस्टरमध्ये उतरते. ऑइल म्हणून इंजिनचे तेल कधीही टाकू नका, सगळे रबर फुगते.

एक गोष्ट ड्रायव्हरलाही सांगायला हवी. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय अनेकांना आहे. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की संपतो. चौथ्या वेळी भरलेली गाडी केवळ पायाच्या जोरावर थांबवावी लागते.

काम झाल्यावर गाडी आधी मोकळ्या जागेत रिकामी, हळू चालवून पाहा. मगच माल भरू द्या.