निवृत्तिवेतन आणि विजेचे बिल

नकाशावर आपण प्रांतांच्या सीमा रेखाटतो. परंतु त्याच सीमा घरखर्चाच्या वहीतही उमटतात, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. बेळगावास हेस्कॉम वीज पुरविते व तिचे दर कर्नाटकाचा वीज नियामक आयोग ठरवितो. शेजारच्या चंदगड तालुक्यात महावितरणची वीज असून तेथील दर महाराष्ट्राच्या आयोगाचे आहेत. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की तेथे सरकारचे वीज खाते आहे आणि दर ठरविणारा आयोगही तिसराच. एका सकाळच्या प्रवासात तीन दरपत्रके! याचे कारण असे की, आपल्या राज्यघटनेत वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि २००३ च्या विद्युत कायद्याने दर ठरविण्याचे काम प्रायः राज्यांच्या आयोगांकडे सोपविले आहे.

ज्याचे उत्पन्न वाढते आहे, त्यास हा फरक फारसा जाणवत नाही. वृद्धाची गोष्ट निराळी. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्यास महागाईनुसार वाढ तरी मिळते. कारखान्यातील वा खासगी पेढीवरील कामगारास १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत तशी तरतूद नाही. २०१४ च्या सप्टेंबरात त्या योजनेतील किमान रक्कम महिना १,००० रुपये ठरविण्यात आली. या हजार रुपयांच्या मापाने आता आपण बिल मोजून पाहू.

प्रथम 'युनिट' म्हणजे काय ते समजून घ्या. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. वृद्ध पतिपत्नींचे एक काल्पनिक घर घ्या. सत्तर वॅटचे दोन पंखे रोज दहा तास चालले, तर महिन्यास ४२ युनिटे. फ्रीजची सुमारे ३०. दूरदर्शन संचाची ७ व दिव्यांची ४. एकूण ८३ युनिटे झाली. यात चैन म्हणावी अशी एकही वस्तू नाही.

कर्नाटकात २०२५-२६ सालच्या दराने युनिटास ५ रुपये ८० पैसे, म्हणजे ४८१ रुपये ४० पैसे होतात. शिवाय वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी युनिटामागे ३६ पैसे अधिक, म्हणजे सुमारे ३० रुपये. मंजूर भार दोन किलोवॅट असल्यास, प्रत्येकी १४५ रुपयांप्रमाणे स्थिर आकार २९० रुपये. कर सोडूनच ही बेरीज ८०१ रुपयांच्या घरात जाते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा : स्थिर आकार हा दिवा लावा अथवा न लावा, द्यावाच लागतो. आजोबांनी कितीही काटकसर केली, तरी बिलाचा हा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग कमी होत नाही.

२०२३ साली कर्नाटक सरकारने गृहज्योती योजना सुरू केली. तिच्या मूळ नियमाप्रमाणे २०२२-२३ मधील सरासरी वापर व त्यावर दहा टक्के इतकी वीज विनामूल्य मिळते. मर्यादा मात्र २०० युनिटांची. आपल्या काल्पनिक घरास त्यामुळे काहीच द्यावे लागणार नाही, ही खचितच समाधानाची गोष्ट होय. परंतु समजा, आजोबांना श्वासाचा विकार जडला व प्राणवायूचे यंत्र घरी आणावे लागले. साडेतीनशे वॅटचे ते यंत्र रोज बारा तास चालले, तर महिन्यास १२६ युनिटे वाढतात. एकूण वापर २०९ होतो. दोनशेची मर्यादा ओलांडली जाते आणि त्या महिन्याचे संपूर्ण बिल, सुमारे १,५७७ रुपये व वर कर, भरावे लागते. नऊ युनिटांसाठी सारी सवलत गेली!

महाराष्ट्रात व गोव्यात दर टप्प्याटप्प्याने चढतात. चंदगडच्या घरात २०९ युनिटे जळली, तर पहिल्या शंभरांना पहिल्या टप्प्याचाच दर लागतो. चढा दर केवळ उरलेल्या १०९ युनिटांना. तेथे वीज विनामूल्य नाही, पण पायरी चढावी लागते, कड्यावरून पडावे लागत नाही. कोणती रीत बरी, याचे उत्तर घरात कोण आजारी आहे यावर अवलंबून राहते.

मग वृद्धांसाठी वेगळा दर का नाही? २००३ च्या कायद्याचे ६२ वे कलम पाहा. वीजवापर, वेळ, दाब, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचा हेतू अशा कारणांवरून दरात भेद करण्यास ते मुभा देते. त्या यादीत वय नाही व उत्पन्नही नाही. सवलत द्यावयाचीच असेल तर ६५ व्या कलमान्वये राज्य सरकारने तिची भरपाई आगाऊ करावी लागते. सारांश, मीटरला म्हातारपण दिसत नाही. ते पाहण्याचे काम समाजाचे व त्याने निवडून दिलेल्या सरकारचे आहे.

तोपर्यंत तुमच्या हाती एक काम आहे. घरातील अथवा शेजारच्या आजी-आजोबांचे बिल त्यांच्यापाशी बसून वाचा. मंजूर भार किती, स्थिर आकार किती, गेल्या बारा महिन्यांतील वापर किती, हे वहीत लिहा. गरज एका किलोवॅटची आणि मंजुरी दोनची असेल, तर भार कमी करण्यासाठी अर्ज करता येतो. वर सांगितलेल्या दराने त्यात महिन्यास १४५ रुपये, म्हणजे पंचवीस युनिटांची किंमत वाचते. आणि उन्हाळ्याच्या रात्री पंखा बंद करून घामाघूम होत झोपण्याची पाळी कोणावर येत नाही. त्रैराशिक शिकल्याचे याहून चांगले सार्थक कोणते?