फोनवरची चिठ्ठी चालते का?

प्रश्न : आईला (वय ६८) मधुमेह आहे. ती गावी असते, डॉक्टर साताऱ्यात. व्हिडिओ कॉलनंतर त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली चिठ्ठी मेडिकलवाला घेईना. शिवाय झोपेची गोळी लिहून द्यायला डॉक्टरांनीच नकार दिला. असं का?

उत्तर : चिठ्ठी चालते. मार्च २०२०च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवता येतो. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मात्र हवाच. आधी तो आहे का बघा, बऱ्याचदा घोडं तिथेच पेंड खातं. प्रत्यक्ष तपासणीला सहा महिने उलटले नसतील, तर त्याच आजाराची औषधं पुढे चालू ठेवणं सोपं जातं.

गोळीबाबत डॉक्टरांचं बरोबर आहे. अल्प्राझोलामसारखी, अमली पदार्थ कायद्याच्या यादीतली औषधं फोनवरून लिहिता येत नाहीत. मागाल ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांचीच मला जास्त धास्ती वाटते.

कॉलआधी साखरेच्या नोंदी आणि चालू गोळ्यांची पाकिटं आईच्या हाताशी असू द्या. पायाला जखम असेल तर कॅमेरा उजेडात, तळव्याजवळ धरायला सांगा. पायांचा बधिरपणा मात्र कॅमेऱ्यात दिसत नाही. त्या तपासणीसाठी साताऱ्याला जावंच लागेल.