पाण्यातला भुईमूग : एक कृतिपाठ



सातपुड्यातल्या आमच्या वसतिगृहात मुलांबरोबर दर आठवड्याला एक कृतिपाठ होतो. या वेळचा पाठ आपणही घरी किंवा संडेस्कूलमध्ये घेऊ शकाल.

साहित्य : सालासकट कच्चे शेंगदाणे, काचेचा पेला, जाळीचे कापड, दोरा, पाणी. भाजलेला दाणा उगवत नाही. बुरशी आलेला दाणा घेऊ नये, खाऊही नये.

कृती : दाणे रात्रभर भिजवा. मग ओल्या फडक्यात बांधून दोन-तीन दिवस उबदार जागी ठेवा. मोड आले की पेल्याच्या तोंडावर जाळी बांधून मोड खाली येईल असा दाणा ठेवा. मुळाचे टोक टेकेल एवढेच पाणी भरा. अख्खा दाणा बुडाला तर कुजतो. दर दोन दिवसांनी पाणी बदला, म्हणजे डास होणार नाहीत. पाने फुटली की पेला उन्हाच्या खिडकीत ठेवा. पाने रात्री मिटतात आणि सकाळी उघडतात. आमच्या मुलींनी याला ‘झाडाची प्रार्थना’ असे नाव दिले आहे.

काय शिकायचे? पहिले काही दिवस रोप दाण्याच्या दोन दलांतल्या शिदोरीवर वाढते. ती संपली की पाने पिवळी पडू लागतात, कारण नुसत्या पाण्यात पुरेसे अन्न नसते. म्हणून दोन आठवड्यांनी रोप भुसभुशीत मातीच्या कुंडीत लावा. पुढे पिवळी फुले येतील. फूल वर लागते, शेंग मात्र खाली. फुलातून आरी निघून जमिनीत शिरते आणि तिथे अंधारात शेंग भरते. हे आम्ही मुलांना शिकवायला गेलो, तर त्यांनीच आम्हाला शिकवले. त्यांच्या घरी भुईमूग पेरतात!

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकांच्या घरचेच झाले आहेत. गुलामीत जन्मलेला हा विश्वासू मनुष्य 1896 मध्ये टस्कीगीला गेला. कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग लावा, असे त्याने गरीब शेतकऱ्यांना सांगितले. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. 1916 मध्ये त्याने भुईमुगाची लागवड आणि दाण्याचे 105 पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. रविवारी तो विद्यार्थ्यांचा बायबलवर्गही घेई.

आता आमच्या मुलांविषयी. दिवाळीनंतर अनेक आईबाप ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात. मूल मागे राहिले तर शाळा टिकते, सोबत गेले तर वर्ष जाते. जून महिन्यात नवी वही, नवा गणवेश मिळाला की मूल झपाट्याने पालवते. ती दलांतली शिदोरी असते. खरी गरज त्यानंतरच्या महिन्यांत लागते : रोजचे जेवण, अभ्यासाला जवळ बसणारे माणूस, आजारपणात औषध. आपली मदत वर्षभर थोडी थोडी येत राहिली, तर ती या मुलांसाठी माती होते. शेंग कुठे भरते आहे ते वरून दिसत नाही. म्हणून पाणी घालणे थांबवायचे नसते.

प्रार्थनेचे विषय :
1. स्थलांतराला निघालेल्या कुटुंबांचे रक्षण व्हावे.
2. मागे राहिलेल्या मुलांचे मन अभ्यासात रमावे.
3. मुलांची काळजी घेणाऱ्या सेवकांना धीर आणि आरोग्य लाभावे.

प्रभूच्या सेवेत, आपली बहीण