स्कॅनची तारीख आली? चला, एकेक करून उरकू

केमो सोसला, टाके वाळले, तरी ‘पुढच्या आठवड्यात स्कॅन’ म्हटलं की पोटात गोळा येतो ना ताई? या, बसा. राळेगावहून निघण्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत सगळं क्रमाने करू.

जवळ ठेवा : वही-पेन, जुने रिपोर्ट आणि फिल्म, आधार व रेशनकार्ड, पाण्याची बाटली, शाल, स्कॅननंतर खायला डबा.

आठवडाभर आधी

1. डॉक्टरांना विचारा, ‘हा स्कॅन कशासाठी?’ पुष्कळदा औषध किती लागू पडलं तेवढंच बघायचं असतं. ‘काहीतरी दिसलं असेल’ असं घरी बसून ठरवू नका.

2. रिपोर्ट कोण आणि कधी समजावणार, ते वहीत लिहा. हे विचारायचं राहिलं, तर फोन वाजला की दचकाल.

3. स्कॅन सेंटरला फोन करून शुगर, किडनीचा त्रास, ॲलर्जी, पेसमेकर, केमोचा पोर्ट, जे असेल ते सांगा. शुगरची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

4. सोबतीला एकच माणूस ठरवा. नातेवाइकांचे फोन त्यानेच घ्यायचे. सगळा गोतावळा नेलात, तर त्यांचीच समजूत काढत बसाल.

5. रोज संध्याकाळी 15 मिनिटं काळजीसाठी ठेवा आणि मनात येईल ते वहीत उतरवा. अंथरुणावर पडून हे करू नका, झोप उडेल.

आदल्या दिवशी

6. गाडी ठरवा. स्कॅन सेवाग्राम-सावंगीला असेल तर वर्ध्याची, नागपूरला असेल तर वडकी-हिंगणघाटवरून जाणारी. तासभर आधी पोहोचाल अशीच धरा. पेट स्कॅनचं औषध तुमच्या वेळेच्या हिशेबाने आणलेलं असतं आणि 110 मिनिटांत त्याचा जोर निम्मा होतो.

7. पेट स्कॅन असेल तर कापूस वेचायला जाऊ नका. अंगमेहनतीने स्नायू ते औषध ओढून घेतात आणि फोटो बिघडतो.

8. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं घरीच काढून डबीत ठेवा. जोडवं घट्ट बसलं असेल तर साबणाचा हात लावा. ऐन दारात ओढाताण केली की बोट सुजतं.

9. सेंटरने सांगितलेल्या वेळेला खाणं थांबवा. पेट स्कॅनला बहुधा 6 तास उपाशी राहावं लागतं, साधं पाणी चालतं. घोटभर चहाही घेऊ नका, साखर पोटात गेली की स्कॅन पुढे ढकलतात.

सेंटरमध्ये

10. सुई टोचण्याआधी ऑपरेशनची बाजू सांगा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर दुसरा हात पुढे करा. गडबडीत गप्प राहू नका.

11. पेट स्कॅनच्या सुईनंतर तासभर निवांत पडून राहा. गप्पा नकोत, मोबाइलही नको. सीटी स्कॅनच्या सुईने अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, त्याला घाबरू नका. खाज सुटली किंवा दम लागला, तर मात्र लगेच हाक मारा.

12. मशीनमध्ये सरकायच्या आधी डोळे मिटा. आत गेल्यावर छत नाकाशी दिसलं की जीव घाबरतो. एमआरआयला हातात घंटी देतात, ती आधी दाबून बघा.

13. मनातल्या मनात चालायला लागा : तुमच्या घराच्या उंबरठ्यापासून राळेगावच्या बसस्टँडपर्यंत, प्रत्येक वळण, प्रत्येक दुकान, ओट्यावर बसलेलं प्रत्येक माणूस. पोहोचलात की परत फिरा. श्वास हळूच सोडा. सांगितल्याशिवाय छाती भरून श्वास घेतला की अंग हलतं आणि फोटो पुसट येतो.

घरी आल्यावर

14. पेट स्कॅन झाला असेल तर भरपूर पाणी प्या. सेंटरने सांगितलेले तास तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईजवळही बसू नका.

15. रिपोर्ट मोबाइलवर आला तर सोबतीच्या माणसाकडेच राहू द्या. त्यातला एकेक शब्द मोबाइलवर शोधत बसलात, तर रात्र जागून जाईल.

16. रिपोर्ट येईपर्यंत रोज हाताला एक काम द्या : तूर निवडा, गोधडी शिवा. झोप आणि जेवण दोन्ही सुटलं, तर 14416 वर टेली मानसला फोन लावा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. ‘एवढ्यासाठी कशाला’ म्हणू नका.

17. डॉक्टरांसमोर वही उघडून तीनच प्रश्न विचारा : काय बदललं? आता काय करायचं? पुढची तपासणी कधी? उत्तरं सोबतीच्या माणसाने लिहायची. घाबरलेल्या मनाला अर्धंच ऐकू येतं.

18. पान उलटा आणि पुढची तारीख लिहा. तिच्याखाली, या वेळी कशाने धीर आला, ते एका ओळीत टाका. हे मात्र आजच करा, पुढच्या खेपेला पहिलं पान तेच असेल.