दोन लाल खुणा

दुबईत अल क्वोजच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं गोदाम आहे. एसीचे सुटे भाग, तांब्याच्या नळ्या, कॉम्प्रेसर असा माल. कोटेशन आणि बिलांचं काम माझ्याकडे. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाआधी कामं उरकायची सगळ्यांनाच घाई असते. त्याच घाईत ती मेल आली, शारजाच्या एका ठेकेदाराच्या नावानं, भाव विचारणारी. सोबत झिप, आत पीडीएफचं चित्र असलेली फाइल.

मी ती लगेच उघडली नाही. माझी चूक त्यापुढची आहे, म्हणून हे लिहितो आहे. फाइल मी व्हायरसटोटलवर चढवली. 2004 साली स्पेनमध्ये सुरू झालेली आणि 2012 मध्ये गूगलनं घेतलेली ही सेवा एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसांकडून तपासून घेते. फक्त दोघांनी लाल खूण केली. आदल्याच महिन्यात आमच्या बारकोड छापायच्या प्रोग्रामवरही दोनच खुणा आल्या होत्या आणि तो निर्दोष निघाला होता. तोच न्याय इथे लावला आणि क्लिक केलं. पडद्यावर काहीच आलं नाही. फाइल खराब असेल म्हणून सोडून दिलं.

नऊ दिवसांनी एका जुन्या ग्राहकाचा फोन आला, "तुमच्या नव्या खात्यात पैसे टाकलेत." आमचं नवं खातं नव्हतंच. मेल माझ्याच पत्त्यावरून गेली होती, बिलही खरं होतं, फक्त आयबॅन, म्हणजे बँक खात्याचा क्रमांक, बदललेला. 18,000 दिरहम गेले. इतक्या वर्षांत ज्यानं एकदाही पैसे थकवले नव्हते, त्याच माणसाचे.

पुण्यात भाचा संगणक-सुरक्षेच्या कामात आहे. त्यानं फोनवर व्हायरसटोटलचा तोच निकाल पुन्हा उघडायला लावला. आता तिथे चाळीसहून जास्त खुणा होत्या. नवी फाइल पहिल्या काही तासांत बहुतेकांच्या ओळखीची नसते. म्हणून "पहिल्यांदा कधी दिसली" ही तारीख आधी बघायची. ती आजचीच असेल, तर कमी खुणांवर विसंबायचं नाही. एक दिवस थांबून पुन्हा तपासायचं. मग खुणेपुढचं नाव वाचायचं. नुसतं "जेनेरिक" असेल तर तो अंदाज असतो. "एजंट टेस्ला"सारखं नेमकं नाव असेल, तर खूण एकच असली तरी थांबायचं, फाइल उघडायची नाही. ते पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामचं नाव आहे, आणि माझ्या दोन खुणांपैकी एकीपुढे तेच लिहिलेलं होतं. मी आकडा पाहिला, नाव वाचलंच नाही.

खोटी ओरडही होते, हे खरं. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीचीच एक मूळ फाइल व्हायरस ठरवली आणि हजारो संगणक बंद पडले. पण खोटी ओरड आहे हे ठरवायला फाइल कुठून आली ते ठाऊक हवं. बारकोडचा प्रोग्राम आम्ही बनवणाऱ्याच्या साइटवरून घेतला होता. ही फाइल न मागता आली होती.

विंडोज मूळ सेटिंगमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं. एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू केल्यावर माझ्या "पीडीएफ"च्या पुढे "ईएक्सई" दिसलं. भाव विचारायला कुणी प्रोग्राम पाठवत नाही. एवढं पाहिलं असतं, तर पुढचं काहीच तपासावं लागलं नसतं.

पगारपत्रक, पासपोर्टची प्रत, ग्राहकाचे दर असं काही व्हायरसटोटलवर चढवू नका. चढवलेली फाइल तिथले पैसे भरणारे सदस्य उतरवून घेऊ शकतात. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश चालवलं की फाइलचा 64 अक्षर-अंकांचा ठसा मिळतो. तो तिथे शोधला तरी पुरतं, फाइल आपल्याकडेच राहते. ठसा सापडला नाही, तर ती फाइल तिथे कुणी तपासलेली नाही, एवढंच. ती निर्धोक ठरत नाही. मग पाठवणाऱ्याला फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नव्हे, जुन्या बिलावरच्या.

आणि उघडलीच, तर नेटची केबल काढा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा. दुबईत पोलिसांच्या ई-क्राइमवर ऑनलाइन तक्रार करता येते. शेवटी मेलच्या सेटिंगमधले फॉरवर्डिंगचे नियम बघा. पासवर्ड बदलून आठवडा झाला, तरी माझी प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर जात होती.